बाजारात तुरी आणि क्वांटमची दुकानदारी

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. थर्ड इयरचं सहावं सेमिस्टर नुकतंच सुरू झालं होतं. रात्री साडेआठला मेसमध्ये नेहमीचीच गर्दी, त्यात वांग्याची भाजी असल्यामुळे नेहमीचीच कुरकुर. पण आमचा रूममेट शेठ (हे त्याचं खरं नाव नव्हे, पण शेअर बाजारात हात घातल्यापासून अख्खं हॉस्टेल त्याला शेठच म्हणतं) ताटावर आलाच नाही. मावशींनी विचारलं, "तुमचा तो चष्मेवाला आजारी आहे का रे?" रूमवर येऊन बघतो तर शेठ पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला. इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे साठवलेले पैसे त्याने डिसेंबरात एका क्वांटम कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. (कोणत्या ते नको विचारू, अब्रूचा प्रश्न आहे!) आणि एका दिवसात त्यातला तिसरा हिस्सा गेला होता.

झालं होतं काय? ७ जानेवारी २०२५ ला एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग सहज बोलून गेले, की खऱ्या अर्थाने उपयोगी क्वांटम कॉम्प्युटर यायला पंधरा वर्षं म्हटली तर ती घाई होईल, तीस म्हटली तर उशीर, आणि वीस म्हटली तर बऱ्याच जणांना पटेल. झालं! दुसऱ्या दिवशी क्वांटमवाल्या सगळ्या कंपन्यांचे भाव गडगडले. त्या रात्री मी शेठला एक साधा प्रश्न विचारला, "अरे, पण ही कंपनी विकते काय?" शेठ उठून बसला, विचार केला आणि म्हणाला, "क्वांटम."

मित्रहो, हा लेखनप्रपंच त्या एका उत्तरामुळे. "क्वांटम" हा काही माल नव्हे. तो किलोवर मिळत नाही. मग या कंपन्या नक्की काय विकतात, कोणाला विकतात आणि घेणारा का घेतो? हे शोधायला मी एकच कंपनी धरली. डी-वेव्ह. कारण सोपं आहे. क्वांटमच्या बाजारात सगळ्यात आधी दुकान उघडून बसलेली हीच. पंचवीस वर्षांचा हिशेब समोर आहे, आणि शेअर बाजारात नाव असल्यामुळे जमाखर्च सगळ्यांना वाचायला मोकळा आहे.

आता कोणी म्हणेल, तू मेकॅनिकलचा, तुला क्वांटमचं काय कळतं? तर ऐका. या कंपनीच्या यंत्राचं मूळ आपल्याच वर्कशॉपमध्ये आहे! हीट ट्रीटमेंटच्या प्रॅक्टिकलला आपण स्टीलचा तुकडा मफल फर्नेसमध्ये तापवतो आणि भट्टी बंद करून आतल्या आत हळूहळू थंड होऊ देतो. घाई केली तर आत ताण राहतात. सावकाश थंड केलं तर अणू आपापल्या सोयीच्या जागी बसतात, म्हणजे कमीत कमी ऊर्जेच्या स्थितीला येतात. याला आपण जर्नलमध्ये अ‍ॅनीलिंग लिहितो (आणि मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो). १९८३ साली कर्कपॅट्रिक, जेलाट आणि वेक्की या तिघांनी हीच युक्ती गणिताला लावली. ज्या प्रश्नाला कोट्यवधी उत्तरं संभवतात त्यातलं सगळ्यात स्वस्त उत्तर शोधायचं, तर आधी खूप हलवाहलव करू द्यायची आणि मग हळूहळू ती कमी करत न्यायची. याला सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग म्हणतात.

उदाहरण घरचंच घेऊ. हॉस्टेलचं रूम अ‍ॅलॉटमेंट. ६० पोरं, २० खोल्या, एका खोलीत तिघे. प्रत्येक पोरगा आणि प्रत्येक खोली यांची जोडी धरली तर १२०० हो-नाही झाले. एकाला दोन खोल्या दिल्या की दंड, खोलीत चौघे कोंबले की दंड, घोरणारा आणि हलक्या झोपेचा एकत्र आले की दंड. सगळे दंड मिळून जी बेरीज होईल ती कमीत कमी करायची. रेक्टर सर हे काम एका दुपारी वहीवर उरकतात आणि पुढे वर्षभर भांडणं सोडवत बसतात, ही गोष्ट वेगळी.

डी-वेव्हचं यंत्र हाच प्रकार क्वांटमने करतं. नायोबियमच्या अतिवाहक कड्या, त्यातून एकाच वेळी उजवीकडून आणि डावीकडून वाहणारा प्रवाह, आणि हे सगळं सुमारे १५ मिलिकेल्विनला ठेवलेलं. बाहेरच्या अंतराळातलं तापमान २.७ केल्विन असतं, म्हणजे हा डबा त्याच्याही जवळजवळ १८० पट थंड! नेहमीच्या अ‍ॅनीलिंगमध्ये एका दरीतून पलीकडच्या खोल दरीत जायचं तर डोंगर चढून जावं लागतं. क्वांटममध्ये डोंगरातून बोगदा मिळू शकतो. खंबाटकीचा घाट चढायचा की बोगद्यातून जायचं, तसं काहीसं. ही कल्पना पडताळून पाहणाऱ्या सुरुवातीच्या मंडळींत आपल्या कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटचे बिकास चक्रबर्ती आणि त्यांचे सहकारी होते (१९८९), आणि १९९८ मध्ये जपानच्या कादोवाकी व निशिमोरी यांनी तिला नीट रूप दिलं. ज्या कामांची पेपरात चर्चा असते, म्हणजे बँकेचे पासवर्ड फोडणं वगैरे, ती कामं या यंत्राची नव्हेत. त्यासाठी वेगळ्या बांधणीचा, गेट पद्धतीचा कॉम्प्युटर लागतो. अ‍ॅनीलिंगचं यंत्र मुख्यतः "सगळ्यात स्वस्त उत्तर शोध" एवढंच काम करतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुकानदारीकडे येऊ. १९९९ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या विद्यापीठाच्या आवारातून ही कंपनी निघाली. "डी-वेव्ह" हे नाव एका विशिष्ट जातीच्या अतिवाहकावरून घेतलं, कारण त्यापासून क्यूबिट बनवायचा पहिला बेत होता. तो बेत पुढे सोडून दिला, पण पाटी तीच राहिली. (आपल्याकडे नाही का, "न्यू भारत सायकल मार्ट"मध्ये मोबाईल रिचार्ज मिळतं!) मग त्यांनी ठरवलं, की सगळं काही करणारा क्वांटम कॉम्प्युटर बनायला फार काळ लागेल. त्यापेक्षा एकच काम करणारं, पण लवकर बनणारं यंत्र बनवू आणि विकायला काढू. कंपनीचा सगळा धंदा या एका निर्णयावर उभा आहे.

फेब्रुवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये त्यांनी १६ क्यूबिटचं प्रात्यक्षिक केलं. यंत्र कॅनडात आणि पडदा कॅलिफोर्नियात! सुडोकू सोडवून दाखवलं, समारंभात कोणाला कुठे बसवायचं ते सोडवून दाखवलं. शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. सुडोकू तर आमची आजी पेन्सिलने सोडवते. आत खरोखर क्वांटम काही चाललं आहे याचा पुरावा काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता.

पण गंमत बघा. २०११ मध्ये लॉकहीड मार्टिन या विमानं बनवणाऱ्या बड्या कंपनीने त्यांचं १२८ क्यूबिटचं यंत्र घेतलं. किंमत सुमारे १ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. २०१३ मध्ये गूगल आणि नासा यांनी मिळून ५१२ क्यूबिटचं घेतलं. म्हणजे शास्त्रज्ञांचा वाद मिटायच्या आधी गल्ल्यात पैसे आले. वाद तर पुढेही चालूच राहिला. २०१४ मध्ये झुरिकचे मथियास ट्रॉयर आणि सहकाऱ्यांनी "सायन्स" मध्ये लिहिलं, की आम्ही तपासलेल्या प्रश्नांवर हे यंत्र साध्या कॉम्प्युटरपेक्षा वेगवान असल्याचा पुरावा सापडला नाही. २०१५ च्या डिसेंबरात गूगलवाल्यांनी सांगितलं, की एका जातीच्या प्रश्नावर ते सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगपेक्षा १० कोटी पट वेगवान आहे. आकडा ऐकून डोळे फिरतात. पण प्रश्न मुद्दाम त्या यंत्राला सोयीचा निवडलेला, आणि समोर एकाच कोअरवर चालणारा प्रोग्रॅम. व्हायवाला आपणच प्रश्न निवडून द्यायचा असं ठरलं, तर मीसुद्धा दहा कोटी पट हुशार आहे.

२०१७ मध्ये २००० क्यूबिटचं यंत्र आलं, किंमत दीड कोटी डॉलर. पण दीड कोटी डॉलरला घेणारे जगात असून असून असतील किती? दुकानात माल मोठा आणि गिऱ्हाईक बोटावर मोजण्याइतकं. म्हणून २०१८ मध्ये त्यांनी दुकानाची रीतच बदलली. यंत्र विकायचं नाही, वेळ विकायचा. "लीप" नावाची क्लाउड सेवा काढली. यंत्र त्यांच्याकडे राहील, तुम्ही प्रश्न पाठवा, वापरल्याचे पैसे द्या. ज्याला प्रश्न मांडता येत नाही त्याच्यासाठी त्यांची माणसं मांडून देतील, त्याचे वेगळे पैसे. आपल्याकडे शेतकरी ट्रॅक्टर विकत घेत नाही, तासावर लावतो, तसंच.

२०२० मध्ये ५००० हून अधिक क्यूबिटचं "अ‍ॅडव्हांटेज" आलं. इथे पाटीवरच्या आकड्याबद्दल इंजिनिअर म्हणून दोन शब्द. या यंत्रात प्रत्येक क्यूबिट फक्त १५ शेजाऱ्यांशी जोडलेला असतो. आपल्या रूम अ‍ॅलॉटमेंटमध्ये मात्र एका पोराचा संबंध जवळजवळ सगळ्यांशी येतो. मग एकाच हो-नाहीसाठी अनेक क्यूबिट साखळीने बांधून वापरावे लागतात. परिणाम असा, की ज्या प्रश्नात प्रत्येकाचा प्रत्येकाशी संबंध आहे असा प्रश्न घेतला तर ५००० क्यूबिटच्या यंत्रात पावणेदोनशेच्या आसपासच हो-नाही मावतात. म्हणजे १२०० हो-नाही असलेलं आपलं एक हॉस्टेल थेट मावेल की नाही याचीच शंका! यात फसवणूक नाही. कंपनी स्वतःच्या कागदपत्रांत हे सांगते. पण पोस्टरवर ५००० छापतात, पावणेदोनशे नाही. प्लेसमेंट ब्रोशरमध्ये आपलं कॉलेजही सगळ्यात मोठं पॅकेजच छापतं की!

मोठे प्रश्न मावावेत म्हणून कंपनी "हायब्रिड" पद्धत देते. प्रश्नाचा बराच भाग साधे कॉम्प्युटर हाताळतात आणि अधूनमधून क्वांटम यंत्राला विचारतात. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, गिऱ्हाइकाला उत्तराशी मतलब. पण मग एक प्रश्न उरतो, की उत्तरातलं श्रेय कोणाचं किती? मसाल्याच्या चहात मसाला किती आणि चहा किती, हे कपाकडे बघून सांगता येत नाही.

याचा मला स्वतःला अनुभव आला. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने प्रॅक्टिकल बॅचेसचं टाइमटेबल घेतलं. नाव झोकात ठेवलं, "क्वांटम अ‍ॅनीलिंगद्वारे वेळापत्रक नियोजन". डी-वेव्हची सॉफ्टवेअर टूल्स फुकट मिळतात, त्यातच सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगचा साधा प्रोग्रॅमही येतो. क्वांटम यंत्रावर पाठवायच्या आधी तालीम म्हणून तो लॅपटॉपवर चालवून बघितला. टाइमटेबल काही सेकंदात बनलं! आम्ही खुशीत गाईड सरांकडे गेलो. सरांनी कागद पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "हे लॅपटॉपवर झालं ना? मग क्वांटम कशाला?" चौघेही गप्प. सर रागावले नाहीत. म्हणाले, "नाव बदला, प्रोजेक्ट चांगला आहे. सगळ्यात जास्त मेहनत तुम्ही प्रश्न मांडायला घेतली आहे, आणि तीच शिकण्यासारखी होती." खरंच होतं ते. दंड कुठे किती लावायचा, हे ठरवण्यात आमचे दोन महिने गेले होते.

तेव्हापासून डी-वेव्हच्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी मी सरांच्या चष्म्यातून वाचतो. २०१९ मध्ये फोक्सवॅगनने लिस्बन शहरात ९ बसेसचे मार्ग या यंत्रावर ठरवून दाखवले. नऊ बसेस! आपल्या एसटी डेपोतले कंट्रोलर तेवढ्या बसेस चहा पिता पिता लावतात. पण तो प्रयोग होता, म्हणून सोडून देऊ. कंपनी सांगते, की तुर्कस्तानात फोर्ड ओटोसान व्हॅन कारखान्यातला गाड्यांचा क्रम या यंत्रावर ठरवतं, आणि अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांच्या आत होतं. ही गोष्ट नऊ बसेसपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे, कारण ती रोजच्या कामातली आहे. तरी सरांचा प्रश्न तिथेही विचारायलाच हवा. आधीचा अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम चांगला होता की जुनाट?

आता जमाखर्च. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण शेठने तो आधी वाचला असता तर त्या रात्री जेवला असता. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, तीही आधीच नोंदलेल्या एका रिकाम्या कंपनीत विलीन होऊन. त्या रिकाम्या कंपनीच्या तिजोरीत ३० कोटी डॉलर होते. पण ऐन वेळी बहुतेक भागधारकांनी आपले पैसे काढून घेतले, आणि डी-वेव्हच्या हाती त्यातला अगदी थोडा भाग लागला. कंपनीचं उत्पन्न बघा. २०२१ मध्ये ६३ लाख डॉलर, २०२२ मध्ये ७२ लाख, २०२३ मध्ये ८८ लाख आणि २०२४ मध्येही ८८ लाखच. तोटा? एकट्या २०२४ मध्ये १४ कोटी ३९ लाख डॉलर. त्यातला मोठा भाग शेअरचा भाव वाढल्यामुळे वहीत दाखवावा लागलेला तोटा आहे, रोख गेलेला नाही, हे खरं. पण तो वगळला तरी खर्च उत्पन्नाच्या कित्येक पट आहे.

मग २०२५ ची पहिली तिमाही आली आणि उत्पन्न एकदम दीड कोटी डॉलर! तीन महिन्यांत मागच्या पूर्ण वर्षापेक्षा जास्त. कारण? जर्मनीतल्या युलिश इथल्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्राने एक यंत्र विकत घेतलं. पुढच्या तिमाहीत उत्पन्न किती? ३१ लाख. म्हणजे वेळ भाड्याने द्यायची रीत काढली, तरी मोठी रक्कम आली ती यंत्र विकूनच. आणि घेतलं कोणी? संशोधन केंद्राने.

मला यात तीन प्रकारचे घेणारे दिसतात. एक कामवाले, ज्यांचा प्रश्न सुटतो म्हणून पैसे देतात. दुसरे अभ्यासवाले, जे यंत्र समजून घ्यायला पैसे देतात. तिसरे मिरवणवाले, ज्यांना "आम्हीही क्वांटम वापरतो" असं वार्षिक अहवालात लिहायचं असतं. अभ्यासवाले चांगलेच, पण ते एकदा घेतात आणि वर्षानुवर्षं वापरतात. मिरवणवाले पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी मिरवतात. दुकान चालतं ते कामवाल्यांवर, जे दर महिन्याला न चुकता परत येतात. डी-वेव्हच्या वहीत ते आहेत, पण ८८ लाखांवर ८८ लाखच, म्हणजे आकडा फारसा हललेला नाही.

आणि चौथा एक आहे, ज्याला मी घेणारा म्हणत नाही, पण खरे पैसे त्यानेच दिलेत. आपला शेठ! म्हणजे शेठसारखे लाखो. ३० जून २०२५ ला डी-वेव्हच्या खात्यात ८१ कोटी ९३ लाख डॉलर रोख होते. हे यंत्र विकून आलेले नव्हेत, बहुतांशी नवे शेअर विकून आलेले. भाव चढले की कंपनी नवे शेअर बाजारात काढते. त्यात बेकायदेशीर काही नाही, उलट पडत्या काळासाठी पेरणी म्हणून हे शहाणपणाचंच. पण मित्रहो, ज्या दुकानात तुरीपेक्षा दुकानाचे हिस्सेच जास्त खपतात, त्या दुकानदाराचं लक्ष हळूहळू कुठे जाईल? मला भीती एवढीच वाटते.

म्हणून डी-वेव्ह वाईट, असं मी म्हणतोय का? नाही. उलट माझं मत असं आहे, की अर्धवट यंत्र लवकर विकायला काढण्याचा त्यांचा निर्णय बरोबर होता. याच्या उलट वाटेने जाणाऱ्या कंपन्याही आहेत. सायक्वांटमचं म्हणणं असं, की दहा लाख क्यूबिटचं, चुका स्वतः दुरुस्त करणारं यंत्र बनेपर्यंत मधल्या छोट्या यंत्रांत अर्थ नाही. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या केंद्र आणि क्वीन्सलँड सरकारांनी २०२४ मध्ये मिळून ९४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. ती वाटही चुकीची म्हणणार नाही. पण तिथे मधल्या वर्षांत "तुमचं यंत्र काय करतं?" असं विचारायला कोणी गिऱ्हाईकच नसतं. डी-वेव्हला ट्रॉयरसारख्यांनी तपासलं, कारण यंत्र विकलेलं होतं, लोकांच्या हातात होतं. टीका सोसत सोसत १६ चे १२८ झाले, ५१२ झाले, ५००० झाले, जोडण्या ६ च्या १५ झाल्या आणि २०२५ च्या "अ‍ॅडव्हांटेज टू" मध्ये २० झाल्या. यात क्यूबिट ४४०० च्या वर, म्हणजे आधीपेक्षा कमीच आहेत. पण जोडण्या वाढल्या. पोस्टरचा आकडा खाली आला आणि यंत्र सुधारलं! गिऱ्हाईक नसतं तर हे शहाणपण कदाचित आलं नसतं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी चुंबकीय पदार्थांच्या एका गणितात सुपरकॉम्प्युटरला मागे टाकल्याचा दावा "सायन्स" मध्ये छापला, त्यालाही दोन गटांनी लगेच आव्हान दिलं. देऊ दे. तपासणी चालू राहिली पाहिजे.

आता शेठचं पुढे काय झालं? घाबरून त्याने दुसऱ्याच दिवशी सगळं विकलं. मार्चमध्ये हुआंग साहेबांनीच एका कार्यक्रमात क्वांटमवाल्यांना व्यासपीठावर बोलावून आपण चुकल्याचं कबूल केलं. ऑक्टोबरपर्यंत डी-वेव्हचा भाव ३० डॉलरच्या वर गेला, जो २०२४ च्या सप्टेंबरात एका डॉलरच्या आसपास होता. इतर क्वांटम शेअरही चढले. शेठ पुन्हा दोन दिवस जेवला नाही! या वेळी विकलं म्हणून. म्हणजे पडला तरी उपास, चढला तरी उपास. पण विचार करा, या एका वर्षात यंत्र तीस पट चांगलं झालं का? गिऱ्हाइकं तीस पट वाढली का? तुरी अजून बाजारात आहेत, आणि आपण घरात वरणावरून भांडतोय.

हे सगळं आपल्या मासिकात कशाला, असं वाटेल. कारण हे वारं आपल्याकडेही आलं आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ते २०३०-३१ पर्यंत चालणार आहे. त्यातलं संवेदक आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. उद्या आपल्यातले काही जण तिथे जातील, जावंच. पण नोटीस बोर्डावर "आठवड्यात क्वांटम शिका, सर्टिफिकेटसह" असले कागदही लागू लागलेत, आणि ज्युनिअर मंडळी मेसच्या पैशांतून फी भरायच्या विचारात आहेत.

त्यांना माझं एवढंच सांगणं. क्वांटम हे नाव शिकू नका, त्यामागचं काम शिका. प्रश्न हो-नाहीत मांडायला शिका, ते लॅपटॉपवरही उपयोगी पडतं. मेकॅनिकलवाल्यांनो, १५ मिलिकेल्विनचा फ्रीज हे आपलं काम आहे. ईअँडटीसीवाल्यांनो, त्या डब्यात जाणाऱ्या वायरी आणि सिग्नल तुमचे. यातलं कोणतंही शिकलात तर कंपन्या बुडाल्या तरी तुम्ही बुडणार नाही. आणि कोणी कंपनी क्वांटमचं नाव घेऊन कॅम्पसला आली, तर प्री-प्लेसमेंट टॉकला शेवटी "एनी क्वेश्चन्स?" विचारतात तेव्हा आपण सगळे नेहमी बुटांकडे बघतो, तसं बघू नका. हात वर करा आणि विचारा, "सर, तुमच्या यंत्रामुळे कोणाचं काम झालं, आणि त्याने दुसऱ्यांदा पैसे दिले का?"

शेठलाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "पटलं." मग थोडा वेळ थांबून म्हणाला, "पण एआयचं काय वाटतं तुला?"

असो. मेसची घंटा झाली, आज पावभाजी आहे.